जपानची जन्मभराची नोकरी म्हणजे एक लांबलचक भिशी

१९६७ सालची गोष्ट आहे. जपानच्या शिकोकू बेटावर कोची नावाचं शहर आहे, तिथल्या रेडिओ स्टेशनवर एक निवेदक नाइट ड्यूटीला होता. सकाळी सहाच्या बातम्या वाचायच्या होत्या आणि पठ्ठ्या झोपून राहिला, दहा मिनिटांचं बुलेटिन अख्खं गेलं. बरं, एकदा होतं माणसाकडून. पण दोन आठवड्यांत परत तेच, ह्या वेळी पाचेक मिनिटं बातम्या गायब आणि वर साहेबांना लगेच सांगितलंही नाही. कंपनीने काढून टाकलं. तो कोर्टात गेला आणि १९७७ मध्ये थेट सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे जरा अतीच झालं. ज्याने ह्याला उठवायचं तो सहकारीही झोपलेलाच होता आणि त्याला नुसती समज देऊन सोडलं होतं, ह्याचं आधीचं रेकॉर्ड चांगलं, ह्याने माफीही मागितलेली, तेव्हा एवढ्यावरून नोकरी घालवणं योग्य नाही.

आता दुसरी केस बघा. एका रंगाच्या कंपनीतला सेल्समन, कोबेच्या ऑफिसात कामाला. घरी ७१ वर्षांची आई, नोकरी करणारी बायको आणि दोन वर्षांची मुलगी. कंपनीने आधी हिरोशिमाला बदली सुचवली, हा नाही म्हणाला. मग नागोयाची ऑर्डर काढली, त्यालाही नाही म्हणाला. काढून टाकला. ही केस पण सुप्रीम कोर्टात गेली आणि १९८६ मध्ये कोर्टाने कंपनीची बाजू घेतली. घरच्यांना सोडून एकट्याने जावं लागलं तरी एवढी गैरसोय नोकरी करणाऱ्याने सोसायचीच असते, असा एकूण सूर.

म्हणजे झोपलेला वाचला आणि म्हाताऱ्या आईसाठी थांबलेला गेला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे उलटंच वाटलं होतं. पण जपानी लोक ज्याला 'शूशिन कोयो' म्हणतात, म्हणजे जन्मभराची नोकरी, ती समजून घ्यायची असेल तर ह्या दोन केसेस शेजारी ठेवल्या की अर्धं काम होतं. ही काही कंपनीची माया नाहीये, व्यवहार आहे. कंपनी म्हणते मी तुला काढणार नाही, आणि बदल्यात तू कुठे राहणार, काय काम करणार, किती वाजता घरी जाणार हे मी ठरवणार. निवेदकाने चूक केली होती, पण करार मोडला नव्हता. सेल्समनने करारच मोडला.

गंमत म्हणजे हा करार कुठे लिहिलेलाच नाहीये. आपल्याकडे बऱ्याच जणांची समजूत असते की जपानमध्ये जन्मभर नोकरी द्यायचा कायदाच आहे. तसं काही नाही. असतं एवढंच की 'सेइशाइन', म्हणजे आपल्या भाषेत पर्मनंट माणूस, ह्याच्या कॉन्ट्रॅक्टवर शेवटची तारीख नसते. बाकी सगळं रिवाजाने आणि कोर्टाच्या निकालांनी उभं राहिलंय, आणि निकालांचं सार कायद्यात एका कलमात यायला २००३ साल उजाडलं. सबळ कारण नसेल आणि समाजाच्या नजरेत रास्त वाटत नसेल तर कामावरून काढणं रद्द, एवढंच ते कलम म्हणतं. कंपनी तोट्यात आहे म्हणून माणसं कमी करायची तरी कोर्ट चार गोष्टी बघतं: खरंच गरज होती का, बाकीचे उपाय करून बघितले का, कोणाला काढायचं ते नीट निकष लावून ठरवलं का, आणि युनियनशी, लोकांशी बोललात का.

आता माणूस आत येतो कसा ते बघू, कारण बाहेर जायची सगळी भानगड आत येण्यापासूनच सुरू होते. जपानमध्ये कॉलेज संपल्यावर नोकरी शोधत नाहीत, कॉलेजमध्ये असतानाच शोधतात, आणि सगळे एकदमच शोधतात. ह्याला 'शूकात्सु' म्हणतात. काळा सूट, पांढरा शर्ट, केस काळे, मुलींची टाचेची साधी काळी चप्पल सुद्धा जवळपास एकसारखी, आणि उन्हाळ्यात टोक्योच्या लोकलमध्ये हे असे घामाघूम काळे सूट घोळक्याने दिसतात. १ ऑक्टोबरला ऑफर पक्की होते, पुढच्या १ एप्रिलला सगळ्यांचा एकत्र नोकरीप्रवेशाचा समारंभ, प्रेसिडेंटचं भाषण. त्या दिवशी बरोबर आत आलेले ते तुमचे 'दोकी'. आपल्याकडे सरकारी नोकरीत 'आमच्या बॅचचा' म्हणतात ना, तसंच, फक्त हे नातं चाळीस वर्षं चालतं.

आणि त्या दिवशी बऱ्याच जणांना माहितीच नसतं की आपण काम काय करणार आहोत! इंजिनियर वगैरे सोडले तर माणूस कामाला लागत नाही, कंपनीला लागतो. अकाउंट्सला टाकतील, तीन-चार वर्षांनी सेल्सला, मग कुठल्या तरी लांबच्या शाखेत. बोलताना पण माणूस स्वतःच्या कंपनीला 'उची' म्हणतो, आणि 'उची' म्हणजे घर पण. पुण्यात जपानी शिकताना आमच्या सेन्सेईंनी हा शब्द शिकवला तेव्हा 'आमच्यात असं नसतं हो' ह्यातलं 'आमच्यात' मला पटकन आठवलं होतं. कोणी विचारलं काय करता, तर 'मी अकाउंटंट आहे' असं न सांगता कंपनीचं नाव सांगायचं.

आता पैशाचं बघू. इथे मला भिशी आठवते. भिशीत दर महिन्याला सगळे पैसे घालतात आणि एकेकाचा नंबर लागतो. ज्याचा नंबर शेवटी त्याला सगळ्यात जास्त विश्वास ठेवावा लागतो, मधेच भिशी मोडली किंवा चालवणारी बाई गाव सोडून गेली तर बोंबला. जपानी पर्मनंट नोकरी म्हणजे अशी भिशी समजा जिच्यात सगळ्यांचाच नंबर शेवटी आहे. बाविसाव्या वर्षी पगार कमी, तिशीत भरपूर काम करतोय तरी कामाच्या मानाने पगार कमीच, कारण पगार कामावर नाही, किती वर्षं झाली त्यावर चढतो. ह्याला 'नेनको' पद्धत म्हणतात. मग पन्नाशीत कामाचा वेग उतरला तरी पगार टॉपला. तरुणपणी जे कंपनीकडे ठेवलं ते उतारवयात परत मिळतं, साधा हिशोब.

पण असा हिशोब असेल तर कंपनीला एक प्रॉब्लेम येतो. म्हातारा माणूस जास्त पगार घेतोय, त्याला काढता तर येत नाही, मग हे कधी तरी थांबवायला नको? म्हणून एक तारीख लागते, सगळ्यांना एकच, वाद नाही. ती तारीख म्हणजे 'तेइनेन', सक्तीच्या निवृत्तीचं वय. अमेरिकन अर्थतज्ज्ञ एडवर्ड लाझिअर ह्यांनी १९७९ साली साधारण हेच गणित मांडलं होतं, की जिथे पगार असा मागे ढकललेला असतो तिथे सक्तीची निवृत्ती असतेच. जन्मभराची नोकरी आणि सक्तीची रिटायरमेंट वरवर बघता एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण एकाशिवाय दुसरी चालत नाही. आत येताना सगळे एकाच दिवशी, बाहेर जाताना सगळे एकाच वयात.

सरकारने पण भिशीला हातभार लावलेला आहे. रिटायर होताना जी एकरकमी रक्कम मिळते, 'ताइशोकुकिन', आपल्या ग्रॅच्युइटीची मोठी बहीण म्हणा, तिच्यावरच्या टॅक्सचा नियम बघा. नोकरीच्या पहिल्या २० वर्षांसाठी दर वर्षी ४ लाख येन माफ, आणि त्याच्या पुढच्या प्रत्येक वर्षाला ७ लाख येन माफ. म्हणजे बाविसाव्या वर्षी लागून साठीला रिटायर झालेला, ३८ वर्षं एकाच कंपनीत, त्याचे पहिल्या वीस वर्षांचे ८० लाख आणि पुढच्या अठरा वर्षांचे १ कोटी २६ लाख, मिळून २ कोटी ६ लाख येन माफ. वर उरलेल्यातल्या अर्ध्यावरच टॅक्स. आणि जो १९ वर्षं एकीकडे, १९ वर्षं दुसरीकडे राहिला त्याचे दोन्ही मिळून १ कोटी ५२ लाख माफ. दोघांनी सारखीच वर्षं घासली, पण नोकरी बदलणाऱ्याची ५४ लाख येनची माफी गेली. हा नियम बदलायची चर्चा दर थोड्या वर्षांनी निघते आणि दर वेळी पन्नाशीतले लोक एवढे भडकतात की फाइल परत कपाटात जाते.

हे सगळं जपानी रक्तातच आहे, सामुराईच्या काळापासून चालत आलंय, असं सांगणारे खूप भेटतात, भेटले तर चहा पाजा आणि सोडून द्या. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जपानचे कुशल कारागीर एका कारखान्यातून दुसऱ्यात सर्रास उड्या मारायचे, त्यांना 'वातारी' म्हणायचे, म्हणजे भटके. मालक वैतागलेले असायचे की शिकवावं आणि हा पळावा. म्हणून मग मोठ्या कारखान्यांनी १९२० च्या आसपास आपलीच माणसं लहानपणापासून तयार करायची, टिकून राहिलं की पगार वाढवायचा, असे प्रकार सुरू केले. मायेचा दाखला द्यायचा तर १९२९ च्या मंदीतला कोनोसुके मात्सुशिता ह्यांचा किस्सा देतात, म्हणजे पुढे जी पॅनासॉनिक झाली ती कंपनी. माल पडून होता, मॅनेजर म्हणाले निम्मी माणसं काढू. मात्सुशिता म्हणाले एक पण काढायचा नाही, उत्पादन निम्मं करा, कारखाना अर्धा दिवस चालवा, पगार पूर्ण द्या, आणि उरलेल्या वेळात सगळ्यांनी सुट्टी न घेता माल विका. दोनेक महिन्यांत गोदाम रिकामं झालं म्हणतात.

पण खरी जुळणी झाली ती युद्धानंतर आणि ती मायेने नाही, भांडून झाली. १९५० मध्ये टोयोटा बुडायच्या बेतात होती. संस्थापक कीइचिरो टोयोदा ह्यांनी माणसं काढणार नाही असा शब्द दिला होता, बँकांनी अट घातली की काढा. संप झाला, दीड-दोन हजार लोक गेले आणि शब्द मोडला म्हणून कीइचिरो स्वतः पण राजीनामा देऊन गेले. नशिबाचा भाग असा की त्याच महिन्यात कोरियात युद्ध पेटलं आणि अमेरिकन सैन्याच्या ट्रकच्या ऑर्डरी धो धो यायला लागल्या. मग क्यूशूमधल्या मित्सुईच्या मीइके कोळसा खाणीत १९५९ च्या शेवटी १,२७८ कामगारांना काढायची यादी निघाली आणि १९६० चं जवळजवळ अख्खं वर्ष संप चालला, टाळेबंदी, मारामाऱ्या, एका कामगाराचा खून. कामगार हरले. पण मालकांनाही कळलं की माणसं काढणं किती महागात पडतं. त्यानंतर मोठ्या कंपन्यांत एक अलिखित समझोता बसला. आम्ही काढणार नाही, तुम्ही संप करणार नाही, युनियन पण कंपनीपुरती, साहेब आणि कामगार एकाच युनियनमधून वर आलेले. त्याच सुमाराला, १९५८ मध्ये, जेम्स अबेग्लेन ह्या अमेरिकन अभ्यासकाने जपानी कारखान्यांवरच्या पुस्तकात ह्या नात्याला 'लाइफटाइम कमिटमेंट' म्हटलं, जपानीत त्याचं 'शूशिन' झालं आणि शब्द रुळला. म्हणजे ज्याला अस्सल जपानी परंपरा म्हणतात तिचं नाव एका परदेशी माणसामुळे पडलं!

'आजन्म' ह्या शब्दातही गोची आहे. १८८७ साली जपानी नौदलाच्या एका दारूगोळा कारखान्यात ५५ व्या वर्षी निवृत्तीचा नियम केलेला सापडतो. तेव्हा जपानी पुरुषाचं सरासरी आयुर्मान होतं ४३ च्या आसपास. लहानपणीच जाणाऱ्या मुलांमुळे तो आकडा खाली दिसतो हे खरं, तरी ५५ म्हणजे तेव्हा म्हातारपणच. आज पुरुषांचं आयुर्मान ८१, बायकांचं ८७. आणि ५५ हाच आकडा बऱ्याच कंपन्यांत पार १९७० च्या दशकापर्यंत चालू होता. आता नोकरी संपल्यावर पंचवीस-तीस वर्षं माणूस जिवंत, मग खायचं काय?

त्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण जपानचं कौतुक करणाऱ्या लेखांमध्ये ही नेमकी राहते. ही भिशी सगळ्यांसाठी कधीच नव्हती. मोठ्या कंपन्या, सरकारी खाती आणि त्यातले पुरुष, म्हणजे भरात असतानाही कामकऱ्यांतले ढोबळ एक तृतीयांश. बायकांनी लग्न झालं की नोकरी सोडायची, त्याला गोड नाव 'शुभमंगल राजीनामा' अशा अर्थाचं. एका सिमेंट कंपनीत तर लग्न केलं की राजीनामा असं लिहूनच घ्यायचे, १९६६ मध्ये टोक्योच्या कोर्टाने ते रद्द केलं. निसानमध्ये पुरुषांचं निवृत्तीचं वय ५५ आणि बायकांचं ५०, ते सुप्रीम कोर्टाने बेकायदा ठरवायला १९८१ उजाडलं. पुरुष रात्री दहापर्यंत ऑफिसात थांबू शकतो आणि सांगितलं की नागोयाला जाऊ शकतो, कारण घरी कोणीतरी सगळं सांभाळतंय. ते 'कोणीतरी' भिशीत पैसे घालतंय पण वहीत नाव नाही.

आता तेइनेनकडे परत. सरकारने वय हळूहळू वर सरकवलं. १९८६ च्या कायद्यात ६० करायचा प्रयत्न करा असं सांगितलं, १९९८ पासून ६० च्या खाली निवृत्तीचं वय ठेवायलाच बंदी. इकडे पेन्शनचं वय ६० वरून ६५ कडे सरकायला लागलं, म्हणजे साठीला नोकरी गेली आणि पेन्शनला अजून पाच वर्षं! ही भेग बुजवायला २००६ पासून कंपन्यांना सांगितलं की निवृत्तीचं वय ६५ करा, नाहीतर निवृत्तीच रद्द करा, नाहीतर साठीला रिटायर करून परत कामावर घ्या. तीन पर्याय. कंपन्यांनी कुठला उचलला असेल? अर्थात तिसरा. कारण पहिल्या दोन्हीत भिशीचा चढलेला पगार पुढे पाच वर्षं द्यावा लागला असता, आणि तिसऱ्यात हिशोब बंद करून नवी वही उघडता येते. पगाराचा जो चढ होता तो आता साठीला कड्यावरून खाली पडतो. तेच ऑफिस, तेच टेबल, वर्षा-वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट आणि पगार तीस-चाळीस टक्क्यांनी कमी, हे अगदी कॉमन आहे. पगार साठीच्या वेळच्या ७५ टक्क्यांच्या खाली गेला तर सरकार थोडी भर घालतं, पण ती भर पण जास्तीत जास्त १५ टक्क्यांची होती ती २०२५ पासून १० वर आणलीय.

हे बरोबर आहे का ह्यावर पण केस झाली. सिमेंट वाहणाऱ्या टँकरचे तीन ड्रायव्हर, साठीला रिटायर होऊन त्याच कंपनीत परत लागले. तोच टँकर, तेच काम, पगार वर्षाला साधारण २० टक्के कमी. त्यांचं म्हणणं, म्हातारा झालो म्हणून टँकर हलका होतो का? २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बहुतेक फरक चालेल, रिटायर होऊन आलेत, पुढे पेन्शन मिळणार आहे. फक्त एक भत्ता कापणं चुकीचं ठरलं, एकही खाडा न केल्याबद्दल मिळणारा. हजर राहायला लागतं ते म्हाताऱ्याला काय आणि तरुणाला काय, सारखंच. मला हा निकाल वाचताना हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं.

पगारापेक्षा माणसाला काय लागतं ते मी एकदा बघितलंय. एका जपानी क्लायंटबरोबर आमचे व्हिडिओ कॉल असायचे, मी दुभाषी. तिथे एक गृहस्थ होते, सगळे त्यांना 'बुचो' म्हणायचे, म्हणजे डिपार्टमेंट हेड. जपानमध्ये साहेबाला नावाने नाही, पदानेच हाक मारतात. एप्रिलमध्ये परत कॉल झाला तर तेच गृहस्थ, पण कडेच्या खुर्चीत, आणि मधल्या खुर्चीत त्यांचा ज्युनियर. हाक आता नुसतं आडनाव आणि पुढे 'सान'. ज्युनियरची पण पंचाईत, कारण ह्याच माणसाने त्याला हाताला धरून शिकवलेलं. एकदा सवयीने त्याच्या तोंडून 'बुचो' गेलंच, आणि मग दोघं पण खाली कागदात बघायला लागले. मी काय भाषांतर करणार त्याचं.

मधल्या काळात, म्हणजे पन्नाशी ते साठी, काढता येत नसलेल्या माणसाचं काय करायचं ह्याचा जपानी कंपन्यांनी वेगळा शब्दकोशच तयार केलाय. पंचावन्नच्या आसपास पद काढून घेतात, पण नोकरी राहते. कोणाला सहकंपनीत पाठवतात, आधी उसना, मग कायमचा. १९७० च्या दशकाच्या शेवटी 'मादोगिवा-झोकु' हा शब्द आला, खिडकीजवळची जमात, म्हणजे काम काही नाही, खिडकीशी टेबल, पेपर वाचा. तेव्हा कंपन्यांकडे पैसा होता म्हणून खिडकी तरी मिळायची. २०१२ च्या शेवटी पेपरांमध्ये 'हाकलून द्यायच्या खोल्या' गाजल्या, मोठ्या कंपन्यांतली अशी डिपार्टमेंट्स की जिथे नेमून द्यायचं आणि स्वतःच्याच बदलीसाठी नोकरी शोधा हेच काम. आणि 'काता-ताताकी', म्हणजे साहेबाने खांद्यावर हळूच थोपटणं. हा शब्द मुळात आईवडिलांचे खांदे चेपून देण्याचा. ऑफिसात त्याचा अर्थ, बाबा रे, आता बघ काय ते.

भिशी मोडताना अख्ख्या देशाने टीव्हीवर बघितली ती नोव्हेंबर १९९७ मध्ये. यामाइची सिक्युरिटीज, शंभर वर्षांची कंपनी, लपवलेल्या तोट्यामुळे बंद पडली. प्रेसिडेंट शोहेइ नोझावा पत्रकारांसमोर उठून ढसाढसा रडले आणि म्हणाले की चूक आमची आहे, कर्मचाऱ्यांचा काही दोष नाही. हजारो लोक एका दिवसात रस्त्यावर आणि त्यात पन्नाशीतलेही, ज्यांचा नंबर आता लागणार होता. दोन वर्षांनी निसानमध्ये कार्लोस घोन ह्यांनी २१,००० नोकऱ्या कमी करायचा प्लॅन जाहीर केला.

पण सगळ्यात मोठा फटका आत असलेल्यांना नाही, दारात उभे असलेल्यांना बसला. आतल्यांना काढता येत नाही म्हटल्यावर कंपन्यांनी नवीन घेणंच थांबवलं. १९९३ ते २००४ च्या आसपास कॉलेजमधून बाहेर पडलेली पिढी 'हिमयुगाची पिढी' म्हणून ओळखली जाते. तेव्हा पर्मनंट नोकरीचं दार वर्षातून जवळपास एकदाच उघडायचं, एप्रिलमध्ये, आणि तेही ताज्या पदवीधरांसाठी. त्या वर्षी मंदी असली तर पुढच्या वर्षी तुम्ही शिळे झालात. कितीतरी जण कॉन्ट्रॅक्टवर, पार्टटाइमवर राहिले ते राहिलेच, आज त्यातले पन्नाशीत पोचलेत. आज जपानमधल्या पगारदारांत साधारण ३७ टक्के लोक पर्मनंट नाहीत. २००८ च्या मंदीत कारखान्यांनी एजन्सीचे कामगार रातोरात कमी केले, नोकरीबरोबर कंपनीची खोली पण गेली, आणि ३१ डिसेंबरला टोक्योच्या हिबिया पार्कमध्ये, सरकारी मंत्रालयांच्या अगदी समोर, त्यांच्यासाठी तंबू पडले. २०१३ पासून नियम आला की पाच वर्षांहून जास्त कॉन्ट्रॅक्टवर असलेल्याने मागितलं तर मुदत नसलेली नोकरी द्यायची. तर काही ठिकाणी पाच वर्षं भरायच्या आतच नारळ द्यायला लागले. जपानला नोकरीवर गेलेल्या आपल्या मराठी पोरांनी हे लक्षात ठेवावं, 'जपानी कंपनीत लागलो' आणि 'जपानी कंपनीत पर्मनंट लागलो' ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

रिटायर झालेला माणूस घरी आला की काय होतं त्याला पण शब्द आहेत, आणि हे शब्द बायकांचे आहेत. चाळीस वर्षं रात्री उशिरा घरी येणारा नवरा आता दिवसभर घरात, मित्र सगळे ऑफिसातले, छंद नाही, बायको बाजारात निघाली की 'मी पण येतो'. त्याला म्हणतात 'नुरेओचिबा', ओली गळलेली पानं, झाडूला चिकटतात आणि झटकली तरी निघत नाहीत. २००७ पासून घटस्फोट झाला तर लग्नाच्या काळातल्या पेन्शनच्या नोंदी वाटून घेता येतात असा कायदा आला, तेव्हा बऱ्याच नवऱ्यांची झोप उडाली होती म्हणे.

त्यामुळे पैशाची फार गरज नसली तरी कितीतरी जण बाहेर पडायला काम शोधतात. टोक्योत एदोगावा वॉर्डमध्ये निशी-कासाई म्हणून भाग आहे, तिथे भारतीय खूप, आणि मराठी पण. २०१९ मध्ये मूळचे अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक तिथूनच वॉर्डच्या सभागृहात निवडून आले होते. निवृत्तांना थोडं थोडं काम मिळवून देणारी जी केंद्रं आज जपानभर आहेत, ज्यांना 'सिल्व्हर' केंद्रं म्हणतात, त्यांची सुरुवात १९७५ मध्ये ह्याच एदोगावात झाली. स्टेशनबाहेर सायकली सरळ रेषेत लावणारे जॅकेटवाले आजोबा दिसतात ना, ते बऱ्याचदा ह्या केंद्रांचे. महिन्याला दहाएक दिवस काम, पैसे बेताचे, आणि त्याला पगार पण म्हणत नाहीत, 'वाटणी' म्हणतात. सायकल तिरकी लावून पळणाऱ्याला ज्या नजरेने ते बघतात ना, त्या नजरेत मला तरी एखाद्या मोठ्या कारखान्याचा प्लांट मॅनेजर दिसतो.

वय अजून वर जातंच आहे. सरकारी नोकरांचं ६० चं वय २०२३ पासून दर दोन वर्षांनी एकेक वर्ष वाढवत २०३१ पर्यंत ६५ करतायत, साठीनंतर पगार ७० टक्के. २०२१ पासून कंपन्यांना ७० पर्यंत काम द्यायचा प्रयत्न करा असं सांगितलंय. पेन्शन ६५ ऐवजी ७५ ला घ्यायला लागलात तर महिन्याला ०.७ टक्के ह्या हिशोबाने ८४ टक्के जास्त मिळेल, अशी पण सोय आहे, फक्त तोपर्यंत जगायचं तुमचं तुम्ही बघा. ६५ ते ६९ मधले अर्ध्याहून जास्त लोक आज काम करतायत.

तरुणांना मात्र ह्या भिशीवर आता तेवढा भरवसा नाही आणि माझ्या मते त्यांचं बरोबर आहे. २०१९ मध्ये टोयोटाचे प्रेसिडेंट अकिओ टोयोदा, म्हणजे त्या कीइचिरोंचे नातू, स्वतःच म्हणाले की जन्मभराची नोकरी टिकवणं आता अवघड होत चाललंय. ज्याच्या आजोबांनी शब्द मोडला म्हणून खुर्ची सोडली तोच आता म्हणतोय की शब्द देणं परवडत नाही. मग पंचविशीतल्या पोराने कमी पगारात रात्री दहापर्यंत का थांबायचं? म्हणून नोकऱ्या बदलतात. साहेबाला तोंडावर सांगायची हिंमत होत नसेल तर राजीनामा सांगायला एजन्सी पण मिळते, पैसे भरा, ते फोन करून कळवतात की उद्यापासून हे येणार नाहीत.

तरी जुन्या मोठ्या कंपन्यांत गाडं बरंचसं तसंच चालू आहे. जिथे वर्षअखेरीला रिटायर करतात तिथे ३१ मार्चला संध्याकाळी काम थांबवून सगळे उभे राहतात, छोटं भाषण होतं, एखादी ज्युनियर मुलगी फुलांचा मोठा गुच्छ देते, टाळ्या वाजतात आणि माणूस तो गुच्छ सांभाळत लोकलने घरी जातो. ऑफिसच्या बॅगेबरोबर फुलं धरलेला साठीचा पुरुष दिसला की डब्यातल्या सगळ्यांना कळतं. आणि दुसऱ्या दिवशी १ एप्रिलला सकाळी तोच माणूस त्याच लोकलमध्ये असतो, नव्या कॉन्ट्रॅक्टवर, कमी पगारावर, आणि आजूबाजूला काळ्या सुटातली नवी पोरं, त्याच कंपनीच्या समारंभाला निघालेली, सारखी घड्याळ बघत.